वण, गोंदण आणि सवर्णकरण : वर्धा परिसराच्या अनुषंगाने एक टिपण

संस्कृतातील ‘व्रण’ मराठीत ‘वण’ झाला, आणि होता होता त्याचा अर्थही सरकला. संस्कृतात व्रण म्हणजे जखम; मराठीत वण म्हणजे जखम भरून आल्यावर मागे उरलेली खूण. मराठी भाषकांना जखमेपेक्षा तिची खूण अधिक महत्त्वाची वाटली असावी, असा तर्क यावरून करण्याचा मोह होतो. शब्दार्थावरून लोकमानस काढण्याची ही वाट निसरडी आहे, हे खरे. तथापि देवीचे वण, भाजल्याचे वण, बाळंतपणानंतर पोटावर राहणाऱ्या रेषा आणि कोडाचे डाग यांवरून माणसाची, विशेषतः स्त्रीची, पारख करण्याची रीत या समाजात दीर्घकाळ चालत आली आहे, ही गोष्ट नाकारता येण्याजोगी नाही. अशा खुणा झाकण्यासाठी आज त्वचेत सुईने रंग भरण्याची जी पद्धती रूढ होत आहे, ती सामान्यतः पाश्चात्त्य आणि अगदी अलीकडची समजली जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. वणाचा रंग भोवतालच्या कातडीशी जुळविण्याची आकांक्षा भारतीय वैद्यकात फार जुनी आहे. आणि सुईने कातडीत रंग भरण्याची कला महाराष्ट्रातील खेडोपाडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु ही आकांक्षा आणि ही कला शेकडो वर्षे शेजारी नांदूनही एकमेकींस भेटल्याचे दिसत नाही. त्या का भेटल्या नाहीत, आणि भेटल्यावर वर्ध्यासारख्या जिल्ह्यात त्या भेटीला कोणता निराळा अर्थ प्राप्त होतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

वर्ध्याची निवड सहेतुक आहे. वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) या गावी १९९० पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे, आणि त्यास जोडलेल्या ग्रामीण रुग्णालयास आचार्य विनोबा भावे यांचे नाव आहे. विदर्भात सावंगी नावाची गावे अनेक. कंसातील ‘मेघे’ हे पद बोरगाव (मेघे), सिंदी (मेघे) या शेजारच्या गावांप्रमाणेच ओळखीसाठी लावले जाते. येथील त्वचारोग विभागात शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास कातडीवरील फिकट चट्टा म्हणजे काय हे शिकावे लागते ते अशा भूमीत, की जिथे काही किलोमीटरांच्या परिघात दत्तपूर आणि सेवाग्राम आहेत. कातडीवरचा डाग येथे केवळ सौंदर्याचा प्रश्न कधीच नव्हता.

प्रथम ग्रंथांचा पुरावा पाहावा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणशोथावरील सात उपक्रम सांगितले आहेत. त्यांतील सातवा आणि शेवटचा ‘वैकृतापह’ होय. शोधन झाले, रोपण झाले, जखम भरली. तरी सुश्रुताच्या मते वैद्याचे काम संपत नाही. भरलेल्या जागी जी विकृती राहिली ती दूर करणे हेही चिकित्सेतच मोडते. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम येतात, आणि त्यांत पांढऱ्या पडलेल्या वणासाठी ‘कृष्णकर्म’ व काळवंडलेल्या वणासाठी ‘पाण्डुकर्म’ असे दोन स्वतंत्र विधी दिले आहेत. याच मालिकेत, जेथे केस गेले तेथे ते उगविण्याचे आणि जेथे नको तेथे ते काढण्याचेही उपाय आहेत. शल्यतंत्राच्या ग्रंथात या गोष्टींना इतके तपशीलवार स्थान मिळावे, ही लक्षणीय बाब आहे.

कृष्णकर्माची कृती विदर्भातील वाचकास अपरिचित वाटणार नाही, कारण तिचे मुख्य द्रव्य बिब्बा आहे. बिब्बे आधी गोमूत्रात व नंतर दुधात भिजवावयाचे; मग दुभागून लोखंडी कुंभात ठेवावयाचे; दुसरा कुंभ जमिनीत पुरून त्याच्या तोंडाशी पहिल्याचे तोंड जुळवावयाचे, आणि वरून गोवऱ्यांची आच द्यावयाची. खालच्या कुंभात जे तेल ठिबकेल त्यात गावात व पाणथळ जागी राहणाऱ्या जनावरांच्या खुरांची मषी, म्हणजे जाळून केलेले वस्त्रगाळ चूर्ण, मिसळून ते पांढऱ्या वणावर लावावयाचे. पाण्डुकर्मात रोहिणीचे फळ सात रात्री शेळीच्या दुधात ठेवून त्याच दुधात वाटतात. या दुसऱ्या लेपाच्या संदर्भातच ‘सवर्णकरण’ हा शब्द येतो. सवर्ण करणे म्हणजे भोवतालच्या कातडीच्या वर्णाशी जुळता करणे. या संज्ञेइतकी नेमकी संज्ञा आजच्या वैद्यकाच्या मराठी परिभाषेतही सहजासहजी सापडणार नाही.

बिब्ब्याच्या तेलाने कातडी काळी पडते हे निरीक्षण अचूक आहे. परीट कपड्यांवर ज्या रसाने खुणा करीत तो हाच. परंतु तो दाहकही आहे. कातडीवर फोड उठवितो, आणि फोड बरा होताना त्या जागी काळसरपणा मागे राहतो. गोमूत्र आणि दूध यांचे संस्कार हा दाह कमी करण्यासाठी असावेत. याच गुणधर्माचा एक दुरुपयोगही नोंदलेला आहे. न्यायवैद्यकावरील मोदी यांच्या सुप्रसिद्ध ग्रंथात (पहिली आवृत्ती १९२०) खोट्या फिर्यादीसाठी बिब्ब्याच्या रसाने कातडीवर मारहाणीचे बनावट वळ उठविले जात, याची चर्चा आहे. ज्या द्रव्याने सुश्रुत खरा वण नाहीसा करू पाहत होता, त्याच द्रव्याने न्यायालयासाठी खोटी खूण निर्माण होऊ लागली. मराठीत ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार चांगल्या कामात मोडता घालण्याच्या अर्थी रूढ झाला, यात नवल नाही.

वणाप्रमाणेच गर्भारपणातील रेषांचाही ग्रंथोल्लेख जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भिणीच्या सातव्या महिन्याच्या प्रसंगी ‘किक्किस’ या विकाराचे वर्णन येते. तेथील चर्चा मोठी मनोज्ञ आहे. गर्भाला केस फुटतात म्हणून आईच्या अंगाची आग होते, असे स्त्रिया म्हणतात, एवढे नमूद करून आत्रेय ते मत अमान्य करतो. त्याच्या मते वाढत्या गर्भाने दोष वर ढकलले जाऊन छातीत दाह होतो, त्यातून खाज सुटते आणि खाजेतून किक्किस उद्‌भवते. उपाय म्हणून मधुर द्रव्यांनी सिद्ध केलेले लोणी, बोराच्या काढ्यासह, पोटात द्यावे. चंदन व कमळाच्या देठांचा लेप पोटावर आणि स्तनांवर लावावा. शेवटी एक सूचना आहे : खाज आली तरी खाजवू नये, कारण त्याने कातडी फाटते आणि विरूपता येते. आज ही कारणमीमांसा टिकत नाही. खाजविल्याने या रेषा उमटत नाहीत. कातडीच्या खालच्या थरातील तंतू ताणाने आणि गर्भकाळातील संप्रेरकांच्या परिणामाने तुटतात, प्रथम त्या जागी तांबूस-जांभळ्या रेषा दिसतात आणि काही महिन्यांनी त्या पांढुरक्या होतात. परंतु विरूपतेचा शब्द चरकात आहे, आणि तो गर्भिणीच्या हितासाठी योजलेला आहे, हे महत्त्वाचे. ‘आईपणाची खूण म्हणून मिरवावी’ अशा उपदेशाचा तेथे मागमूसही नाही. स्त्रियांचे मत ग्रंथात नोंदले गेले ते खोडण्यापुरते. तरीही ते नोंदले गेले, त्यामुळे माजघरातील एक समजूत आजपर्यंत येऊन पोहोचली.

या सर्व उपायांत एक गोष्ट समान आहे. ते लेप आहेत. सुश्रुताला सुई ठाऊक होती; जखमा शिवण्यासाठी तिचे प्रकार त्याने वर्णिले आहेत. पण सवर्णकरणाच्या प्रकरणात सुईने रंग आत भरण्याचा विचार नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे, गोंदणाकडे वळले पाहिजे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांत (१९१६) गोंड स्त्रियांच्या गोंदणाची विस्तृत माहिती आहे. गोंडांचे गायन व मांत्रिकी करणाऱ्या ओझा गटातील स्त्रिया हे काम करीत. वर्धा जिल्हा त्या काळी याच प्रांतात होता, आणि जिल्ह्यात गोंड व कोलाम वस्ती आजही आहे. काही सुया एकत्र बांधून कातडी टोचावयाची, दिव्याच्या काजळीत तेल किंवा पाल्याचा रस मिसळून तो त्यात मुरवावयाचा, आणि वरून हळद लावावयाची, अशी साधारण रीत. कुणबी, तेली, माळी अशा शेतकरी व कारागीर घरांतही कपाळावर, हनुवटीवर आणि हातांवर गोंदण असे. तुळशीवृंदावन, विंचू, ठिपक्यांच्या ओळी, मध्य भारतात ‘सीतेची रसोई’ म्हणून ओळखली जाणारी चौकोनी आकृती, नवऱ्याचे किंवा देवाचे नाव, असे त्याचे विषय. मेल्यावर सोने-नाणे अंगावरून उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर जाते, ही समजूत सर्वत्र आढळते.

गोंदणाचा हेतू उघड आहे. ते दिसावे म्हणूनच काढले जाते. ते वाचता येते : बाई कोणाची, कोणत्या गटातील, वयात आलेली की नाही. दुखऱ्या सांध्यावर ठिपके गोंदून घेण्याचा औषधी प्रकारही होता, परंतु तेथेही वण झाकण्याचा उद्देश नसतो. उलट उपचाराची एक नवी खूण अंगावर पडते. अंगावर तापल्या लोखंडाचे डाग देण्याची जी प्रथा मेळघाटासारख्या भागात अर्भकांच्याही बाबतीत चालत आली, तिचे तर्कशास्त्र याच जातीचे आहे. रोगाला खूण करून अडवावयाचे, ही त्यामागील कल्पना.

गोंदणाला सवर्णकरणाकडे वळता आले नाही याचे आणखी एक कारण आहे, आणि ते समाजाचे नसून प्रकाशाचे आहे. काजळी काळी असते. पण गोंदण हिरवे-निळसर दिसते. काजळीचे कण अंतस्त्वचेत स्थिरावतात आणि त्यांवरील कातडीच्या थरातून प्रकाश विखुरला जाऊन परत येतो, तेव्हा त्यातील निळसर भाग अधिक दिसतो. तेव्हा काजळीने पांढरा वण कातडीच्या रंगाचा होणे शक्यच नव्हते. तो फार तर हिरवा झाला असता. कातडीचा रंग साधावयाचा तर गव्हाळ, तांबूस, पिवळसर अशा खनिज रंगांची बारीक मिश्रणे हवीत, आणि ती जंतुविरहित हवीत. गोंदणारणीच्या वाटीत ती नव्हती. कलेचा अभाव नव्हता. अभाव होता तो रंगाचा. ही गोष्ट लक्षात न घेता केवळ ‘परंपरा’ आणि ‘आधुनिकता’ यांच्या विरोधाने हा इतिहास मांडणे उथळपणाचे होईल.

गोंदण वाचता येते, म्हणूनच राज्यकर्त्यांनाही त्याचा उपयोग सुचला. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल इलाख्यातील १७९७ च्या कायद्याने खोटी साक्ष व बनावट दस्तऐवज यांसारख्या गुन्ह्यांसाठी अपराध्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदण्याची शिक्षा ठरविली. ‘गोदना’ हाच देशी शब्द त्या व्यवहारात वापरला जाई. पुढे जन्मठेपीच्या कैद्यांना आणि १८३० नंतरच्या मोहिमेत पकडलेल्या ठगांनाही ही खूण मिळाली. १८४९ च्या कायद्याने ही शिक्षा रद्द झाली. नागपूरचे राज्य, ज्यात आजचा वर्धा जिल्हा मोडत होता, कंपनीने खालसा केले ते १८५४ मध्ये, आणि स्वतंत्र वर्धा जिल्हा निर्माण झाला तो १८६२ मध्ये. म्हणजे बंगालचा हा कायदा येथे लागू होण्यापूर्वीच मेला होता. तथापि या प्रकरणाचा जो भाग प्रस्तुत विषयाला लागू पडतो तो निराळा. समुद्रापार धाडलेले कैदी कपाळावरची अक्षरे झाकण्यासाठी केस पुढे ओढत, पागोटे भुवयांपर्यंत उतरवीत. राज्याने लिहिलेले माणूस झाकतो. त्याचे साधन मात्र कापडाचे असते. पागोटे हा इतिहासातील सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक लेप होय.

महाराष्ट्रातील एका उदाहरणात खूण झाकण्याचे काम कापडाने नव्हे, कातडीने केले. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. पुण्याजवळच्या कुंभार जातीच्या एका वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक बसविले. मुंबईचे दोन इंग्रज शल्यवैद्य, क्रुसो आणि फिंडले, यांनी ही क्रिया पाहिल्याचे म्हटले आहे, आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिचा वृत्तांत चित्रासह छापला गेला. त्यावरून स्फूर्ती घेऊन कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने केलेल्या दोन शस्त्रक्रियांचा ग्रंथ १८१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आधुनिक सुघटन शल्यक्रियेच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी येतो. सवर्णकरणाच्या दृष्टीने त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. कपाळाची कातडी निवडण्यात एक लाभ असा, की शेजारची असल्याने ती नाकाच्या रंगाशी जुळते. किंमत म्हणून कपाळावर एक वण राहतो. आणि कपाळावरचा वण पागोट्याखाली जातो.

सुई आणि सवर्णकरण यांची गाठ पडली ती युरोपात, आणि तीही आधी डोळ्यात. बुबुळावर पडलेले पांढरे फूल रंगविण्याची एक कृती ग्रीक वैद्य गेलेन याच्या नावे सांगितली जाते. तीत तापलेल्या सळईने पृष्ठभाग डागून मायफळ आणि लोह यांचे चूर्ण भरावयाचे. पुढे पॅरिसचा नेत्रवैद्य लुई द वेकर याने १८६९ मध्ये सुई व काळी शाई वापरून ही क्रिया शास्त्रशुद्ध केली. देवीच्या साथींनी असंख्य माणसांच्या डोळ्यांत फुले पाडली होती, हे ध्यानात घेतल्यास या शस्त्रक्रियेचे महत्त्व कळते. तिने दृष्टी येत नसे. परंतु समोरच्याची नजर आपल्या डोळ्यावर अडकणे थांबत असे. बुबुळ काळेच करावयाचे असल्याने येथे काजळीसारखा रंग चालला, हे विशेष. कातडीच्या बाबतीत लांडाऊ येथील पाउली याने १८३५ मध्येच जन्मखुणांवर हिंगूळ व सफेता टोचून पाहिला होता. पण ही पद्धत खऱ्या अर्थाने स्थिरावली दुसऱ्या महायुद्धात. भाजलेल्या सैनिकांच्या चेहऱ्यावर मांडीची किंवा पोटाची कातडी लावली, की ती ठिगळासारखी फिकट दिसे. हान्स, ब्राउन, बायर्स आणि मॅकडॉवेल या अमेरिकन शल्यवैद्यांनी अशा कलमांत कायम टिकणारे रंग टोचून ती चेहऱ्याशी जुळविण्याची पद्धती १९४४ मध्ये प्रसिद्ध केली. कुंभार वैद्याने शेजारची कातडी घेऊन जो प्रश्न टाळला होता, तो यांनी दूरची कातडी घेऊन ओढवून घेतला आणि सुईने सोडविला. त्यानंतर कर्करोगासाठी स्तन काढलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाग्राभोवतालचे वर्तुळ गोंदणे (१९७० नंतर) आणि न पसरणाऱ्या कोडावर रंग भरणे (अमेरिकेतील एक महत्त्वाचा अहवाल १९८९ चा) ही त्याच मार्गावरची पुढची पावले होत. भारतात कोडावर शस्त्रक्रियेने उपचार करण्याचा प्रवाह मुख्यतः कातडीच्या पातळ कलमांचा राहिला, दिल्लीचे डॉ. बेहल यांचे काम १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले.

एका अडचणीकडे येथे लक्ष वेधणे अवश्य आहे. झाकण्याच्या इतिहासाला पुरावा कमी मिळतो, कारण जे नीट झाकले गेले ते कोणी पाहिले नाही आणि म्हणून नोंदले नाही. मोदींच्या ग्रंथात ओळखीच्या खुणांमध्ये गोंदणाला स्थान आहे. तुरुंगाच्या आणि शवविच्छेदनाच्या कागदांवर ‘गोंदणाच्या खुणा’ लिहिल्या जातात. हे सर्व दिसणाऱ्या गोंदणाविषयी आहे. अभ्यासकाच्या हाती येतात त्या फसलेल्या झाकणुकीच्या हकीकती, आणि त्यांवरून संपूर्ण व्यवहाराविषयी मत बनविणे धोक्याचे ठरते.

वर्धा जिल्ह्यात मात्र झाकण्यापेक्षा उघड करण्याचा इतिहास अधिक ठळक आहे. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे महारोगी सेवा मंडळाचे काम सुरू केले. १९३९ मध्ये संस्कृत पंडित परचुरे शास्त्री, कुष्ठरोगाने ग्रस्त अवस्थेत, सेवाग्राम आश्रमात आले. गांधीजींनी त्यांना आपल्या निवासाजवळ जागा दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केले. या कृतीचा आशय करुणेचा होता, तसाच दृश्यतेचाही होता. जे अंग समाज झाकून ठेवण्यास सांगत होता, ते सर्वांदेखत हाताळले गेले. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे मुख्यालय वर्ध्यास आले, आणि डॉ. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली पाहणी, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री आकारास आली. गावातील प्रत्येक माणसाची कातडी तपासावयाची, फिकट चट्टा शोधावयाचा, त्याची संवेदना पाहावयाची. ही सगळी पद्धती चट्टा दिसण्यावर उभी होती. पुढे राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमानेही ती स्वीकारली.

यास्तव वर्धा परिसरात फिकट चट्ट्यावर रंग टोचणे ही साधी गोष्ट ठरत नाही. कोडाचा डाग बहुधा दुधासारखा पांढरा असतो आणि तेथे स्पर्श कळतो; कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो आणि तेथे बहुधा स्पर्श कळत नाही. हा भेद कापसाच्या बोळ्याने तपासता येतो. तो न तपासता रंग भरला, तर रोगाचे निदान लांबते आणि दरम्यान हातापायांच्या नसा निकामी होऊ शकतात. उलट बाजूही आहे. १९४७ मध्ये दोन अमेरिकन मरीन सैनिकांच्या गोंदणाच्या जागीच कुष्ठरोग उद्‌भवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. दोघांनी मेलबर्न येथे गोंदवून घेतले होते. विदर्भाच्या शेजारी, छत्तीसगढमधील भिलाई येथून २००२ मध्ये अशाच ३१ रुग्णांचा अहवाल आला. रस्त्याच्या कडेला एकाच सुईने अनेकांना गोंदण्याची रीत त्यास कारण असल्याचे त्यात मानले आहे. म्हणजे सुई खूण झाकते, तशी ती रोगही पेरते.

परंतु यावरून लपविणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्यास पकडून कोंडण्याची मुभा दिली होती, आणि तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते वगळले गेले २०१९ मध्ये. बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकात आला, रोग पूर्णपणे बरा होऊ लागला, आणि २००५ च्या अखेरीस तो देशाच्या पातळीवर सार्वजनिक आरोग्याची समस्या उरला नसल्याचे मानले गेले. तरीही बऱ्या झालेल्या माणसाचा पत्नीपासून विभक्त होण्याचा धोका आणखी चौदा वर्षे कायद्यात लिहिलेला होता. अशा काळात ज्याने चट्टा झाकला, त्याने रोग लपविला असे म्हणण्यापेक्षा कायदा चुकविला असे म्हणणे अधिक न्याय्य होय. कपाळावर पागोटे ओढणाऱ्या कैद्याशी त्याचे नाते जवळचे आहे.

रोग गेल्यावरही काही चट्टे फिकटच राहतात. सवर्णकरणाला वैद्यकीय आणि नैतिक अशी दोन्ही प्रकारची मुभा आहे ती अशा ठिकाणी, तसेच न पसरणाऱ्या कोडावर, भाजल्याच्या जुन्या वणावर आणि गर्भारपणाच्या पांढुरक्या रेषांवर. आज यासाठी लोहाची आणि टायटॅनियमची प्राणिदे वापरतात. सुई अंतस्त्वचेच्या वरच्या भागात, एक-दोन मिलिमीटरपर्यंत जाते. मर्यादा मात्र बऱ्याच आहेत. रंग जुळतो, पोत जुळत नाही. खोलगट वण खोलगटच राहतो आणि तिरप्या उजेडात दिसतो. उन्हाने भोवतालची कातडी काळवंडते, टोचलेला रंग तसाच राहतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही अडचण विशेष जाणवते. पसरत्या कोडात सुईच्या इजेनेच नवा डाग उठू शकतो. ज्यांच्या कातडीवर गाठाळ वण येतात त्यांना तर ही क्रिया वर्ज्यच समजावी. टायटॅनियमचा पांढरा पुढे लेसरने काढू गेल्यास काळा पडतो, हे रुग्णास आधी सांगितले पाहिजे.

हे रंग काही वर्षांत विटतात आणि पुन्हा भरावे लागतात. काजळीचे गोंदण तसे विटत नाही. म्हणून अशा प्रत्येक रुग्णाच्या कागदावर जागा, रंगद्रव्य आणि तारीख यांबरोबरच, टोचण्यापूर्वी तेथे स्पर्श कळत होता की नाही, याचीही नोंद असणे आवश्यक आहे. काही वर्षांनी तोच माणूस दुसऱ्या वैद्यापुढे बसेल, तेव्हा त्या जागी पाहण्यासारखे काही उरलेले नसेल.